जरा कीबोर्ड इकडे दे ना!

दोन महिन्यांपूर्वी आमच्या टीममध्ये एक नवा मुलगा आला. कॅम्पसमधून थेट. पाठीवर अजून कॉलेजचीच सॅक, गळ्यात नवंकोरं आयकार्ड. हुशार आहे, वेळेवर येतो, मान खाली घालून काम करतो. पण एक गंमत माझ्या लक्षात आली. त्याच्या मागून कुणीही गेलं, अगदी हाउसकीपिंगच्या मावशी गेल्या तरी, त्याची बोटं सटकन अल्ट-टॅबवर जायची आणि स्क्रीनवर कुठलं तरी निरुपद्रवी मेल उघडायचं.

आता ऑफिसात अल्ट-टॅब कोण मारत नाही हो? सेल, क्रिकेटचा स्कोअर, गोव्याची तिकिटं... आपण सगळेच त्या पापाचे धनी. मी म्हटलं, असेल काहीतरी, जाऊ दे. एकदा मात्र मी त्याच्या अगदी शेजारी उभी होते आणि त्याच्या ते लक्षातच आलं नाही. डोकावून बघते तर काय, बापडा कोड लिहीत होता! आमच्याच प्रोजेक्टचा. अर्धवट, चुकलेला, लाल रेघांनी भरलेला कोड. तोच तो सगळ्यांपासून लपवत होता.

"अरे, काम करतोयस ना? मग लपवतोस कशाला?"

"पूर्ण नाही झालंय मॅम," तो कावराबावरा होऊन म्हणाला. (सगळ्यांना नावाने हाक मारायची, असं एचआरने इंडक्शनमध्ये घसा कोरडा करून सांगितलेलं असतं. पण आपल्याकडची मुलं 'मॅम' सोडतील तर शपथ!) "झालं की दाखवतो ना."

झालं की दाखवतो. हे वाक्य दिवसभर माझ्या डोक्यात भुणभुणत राहिलं. कारण हे वाक्य माझ्या चांगल्या ओळखीचं आहे. इंजिनीअरिंगची तीन वर्षं मीही तेच म्हणत काढली. आणि त्या वाक्याने माझी पुढची सहा वर्षं खाल्ली. ती गोष्ट सांगते, पण आधी लॅबमध्ये जाऊन येऊ.

तुमच्यापैकी जे कॉम्प्युटर किंवा आयटीवाले आहेत, त्यांना हे चित्र सांगायला नकोच. वीस-बावीस जणांची बॅच, दोन तासांचं प्रॅक्टिकल, भिंतीवर 'चपला बाहेर काढा'. विद्यापीठाने ठरवून दिलेली असाइनमेंटची यादी. लिंक्ड लिस्ट, स्टॅक, क्यू, सॉर्टिंग... दरवर्षी तीच किंवा तिचीच चुलत बहीण. सगळ्यांचा प्रश्न एकच, उत्तर एकच. मग शेजाऱ्याच्या स्क्रीनकडे मान वळली की सर ओरडायचे, "इकडे तिकडे बघू नका, आपापलं करा!" आणि सरांचं तरी काय चुकलं? उत्तर एकच असेल तर शेजाऱ्याचं बघणं म्हणजे कॉपीच. सबमिशनच्या आदल्या रात्री हॉस्टेलवर सीनियरची फाइल फिरायची, जर्नलं पूर्ण व्हायची, डिफॉल्टर लिस्टमधून नावं निघायची. ज्या मदतीतून काही शिकता आलं असतं ती लॅबमध्ये बंद, आणि ज्यातून काहीच हाती लागत नाही ती रात्री दोन वाजता झेरॉक्सच्या दुकानासमोर खुलेआम चालू. काय अजब कारभार!

आता तर चॅटबॉट आले. यादीतली असाइनमेंट टाकली की चहा गाळून होईपर्यंत उत्तर तयार. म्हणजे सीनियरचीही गरज संपली. एकट्याने बसायचं, एकट्याने चिकटवायचं.

माझं पहिलं वर्ष मात्र वेगळं गेलं आणि त्याचं श्रेय आमच्या कॉलेजच्या गरिबीला. २००३ सालची गोष्ट. लॅबमध्ये मशीन होती वीस, त्यातली चालू बारा. त्यामुळे एका कॉम्प्युटरवर दोघं. रोल नंबरने जोड्या लावल्या आणि माझ्या वाट्याला आली लातूरकडची एक मुलगी. बारावीपर्यंत तिने कॉम्प्युटरला हात लावलेला नव्हता. मी शहरातली, घरी पीसी असलेली. मला वाटलं, आता वर्षभर हिला शिकवावं लागणार.

पहिल्या आठवड्यात मी टाइप करायचे, ती बघायची. दुसऱ्या आठवड्यात ती म्हणाली, "जरा कीबोर्ड इकडं दे की." आणि मग गंमत सुरू झाली. ती एका बोटाने टाइप करायची, पण प्रश्न असे विचारायची की माझी दांडी गुल. असाइनमेंट होती लूप वापरून चांदण्यांचा पिरॅमिड छापायची. झाला छापून. ती म्हणाली, "आता हा उलटा करून खाली जोडला तर आकाशकंदील होईल की गं." दिवाळी जवळ आली होती. झाला कंदील. मग टर्बो सीच्या ग्राफिक्समध्ये रंग. मग तिचं म्हणणं, झिरमिळ्या हलल्या पाहिजेत, आमच्या ओसरीवरच्या हलतात तशा. कशा हलवणार? मला काही सुचेना. तीच म्हणाली, बारावीला साइनचा ग्राफ काढलाय ना आपण, वर-खाली, वर-खाली, तोच आडवा लावू! दोन प्रॅक्टिकलं आम्ही त्या झिरमिळ्यांशी झटापट केली. शेवटी त्या हलल्या. अशा हलल्या की अख्खी बॅच आमच्या मशीनमागे उभी. कुणी म्हणालं, आत दिवा लुकलुकायला हवा. कुणी तो करूनही दाखवला. सर आले, बघून म्हणाले, "हे सिलॅबसमध्ये नाहीये." पण जाताना हसले, हे आम्ही दोघींनीही पाहिलं.

त्या कंदिलात माझं काय आणि तिचं काय, हे आजही मला सांगता येणार नाही.

तेव्हा माहीत नव्हतं, पण अशाच एका साइन-कोसाइनवरून कॉम्प्युटरच्या इतिहासातली एक धमाल घडून गेलेली आहे. अमेरिकेत, एमआयटीत. १९६१ साली तिथे डिजिटल इक्विपमेंट कंपनीने पीडीपी-१ नावाचा कॉम्प्युटर दिला. कपाटाएवढा, पण पडदा असलेला. त्याच्याभोवती जमली ती तिथल्या रेल्वे मॉडेल क्लबची पोरं. हो, खेळण्यातल्या आगगाड्यांचे रूळ आणि सिग्नल जोडणारा विद्यार्थ्यांचा क्लब! त्या टोळक्यातल्या स्टीव्ह रसेल या पंचविशीही न गाठलेल्या तरुणाच्या डोक्यात आलं की पडद्यावर दोन अवकाशयानांची लढाई करायची. कल्पना झक्कास, पण गडी आळशी. करतो, करतो म्हणायचा आणि टाळायचा. शेवटी म्हणाला, यानं वळवायला साइन-कोसाइनचा प्रोग्रॅम लागेल, तो मला लिहिता येत नाही. ॲलन कोटोक नावाचा मित्र उठला, थेट कंपनीत गेला, तिथून त्या प्रोग्रॅमची कागदी टेप आणली आणि रसेलसमोर ठेवली. आता बोल, काय सबब आहे?

१९६२ च्या सुरुवातीला खेळ चालू झाला. नाव 'स्पेसवॉर'. पण खरी मजा पुढेच आहे. त्या काळी प्रोग्रॅमच्या टेप मशीनजवळच्या ड्रॉवरमध्ये पडलेल्या असत. कुणीही काढावी, वाचावी, सुधारून परत ठेवावी. पीटर सॅमसनला पडद्यावरचे उगाच कुठेही टाकलेले तारे खटकले. त्याने खऱ्या आकाशाचा नकाशा घेऊन खरे तारे आणले. डॅन एडवर्ड्सने मध्ये सूर्य ठेवून त्याचं गुरुत्वाकर्षण घातलं, म्हणजे यान ओढलं जाणार. मार्टिन ग्रेट्झने संकटात सापडलं की गायब होऊन भलतीकडेच उगवायची सोय केली. मशीनवरची बटणं दाबून कोपरं दुखायला लागली, तेव्हा कोटोक आणि बॉब सॉन्डर्स यांनी रेल्वे क्लबातल्या भंगारातून हातात धरायचे कंट्रोल बनवले. मे महिन्यात एमआयटीच्या ओपन हाउसला लोकांनी ते बघायला गर्दी केली.

आता विचार करा, रसेल जर म्हणाला असता 'झालं की दाखवतो', तर? त्याचं झालंच नसतं! त्याची सबब सगळ्यांना ठाऊक होती म्हणून कुणीतरी टेप आणून देऊ शकलं. त्याचे तारे चुकलेले सगळ्यांना दिसत होते म्हणून सॅमसनला ते खटकले. क्रिएटिव्हिटी म्हणजे एकट्या माणसाच्या डोक्यात पेटणारा दिवा, असं आपण जाहिराती बघून समजून बसलोय. तो ड्रॉवर उघडा होता, हे सगळे विसरतात.

परत माझ्याकडे. दुसऱ्या वर्षाला कॉलेजने नवी लॅब केली. एसी, चकाचक, प्रत्येकाला स्वतंत्र मशीन, मध्ये प्लायवूडची पार्टिशनं. ॲडमिशनच्या माहितीपुस्तकात रंगीत फोटो. आमची जोडी फुटली. ती तिकडे सहाव्या रांगेत, मी इकडे दुसऱ्या. लॅबमध्ये एवढी शांतता झाली की एसीचा आवाज ऐकू यायचा. त्यानंतर तीन वर्षांत मी एकही गोष्ट अशी केली नाही जी यादीत नव्हती.

मग आलं शेवटचं वर्ष. चौघांचा ग्रुप, दोन मुलगे, दोन मुली. विषय, चौकातल्या सिग्नलचं सिम्युलेशन. पहिल्याच मीटिंगला कामं वाटली गेली. त्यातल्या एकाला कोडिंग उत्तम येत होतं, त्याने कोड करायचा. दुसऱ्याने हार्डवेअर आणि धावपळ. आणि आम्ही दोघींनी रिपोर्ट आणि पीपीटी. का? तर "तुमचं इंग्लिश चांगलंय, अक्षर चांगलंय." अहो, अक्षराचा काय संबंध? रिपोर्ट टाइप करायचा असतो! पण मी हे तेव्हा म्हटलं नाही. खरं सांगायचं तर मला ते सोयीचंच वाटलं. काळं रेक्झिन, सोनेरी अक्षरं, चार प्रती. बाइंडिंगवाल्याकडे बसून आभाराचं पान मी तीनदा बदलून घेतलं. ओरल्सला एक्सटर्नलने विचारलं, कुणी काय केलं? चौघांनी एका सुरात सांगितलं, "सर, टीमवर्क!"

मार्क मस्त मिळाले. आणि मी मनाशी पक्कं केलं की कोड लिहिणं हे आपलं काम नाही. पहिल्या नोकरीत डेव्हलपमेंट की टेस्टिंग असं विचारलं, तेव्हा मी क्षणात टेस्टिंग म्हटलं. (टेस्टिंगवाल्यांनो, रागावू नका. ते काम सोपं नाही, हे मला पहिल्याच रिलीजला कळलं. पण मी ते आवडीने नाही, भीतीने निवडलं होतं.) डेव्हलपमेंटला यायला सहा वर्षं गेली, तीही एका सीनियरने जबरदस्तीने शेजारी बसवून घेतलं म्हणून.

२०१९ मध्ये आमचं बॅचचं गेट-टुगेदर झालं. तिथे तो कोडवाला मित्र भेटला. मी चेष्टेत म्हटलं, सगळं क्रेडिट खाल्लंस हं तू. तो हसला नाही. म्हणाला, "मला ते एकट्याला करायचंच नव्हतं गं. रात्री तीन वाजता एरर आली की वाटायचं, कुणीतरी नुसतं शेजारी बसावं. पण तुम्ही रिपोर्टमध्ये इतक्या बिझी होतात, मला वाटलं तुम्हाला कोडमध्ये इंटरेस्टच नाही." म्हणजे बघा. चार नावं एका मुखपृष्ठावर, आणि चौघंही एकटे.

याला गटकाम म्हणायचं असेल तर म्हणा. मी याला वाटणी म्हणते. भावाभावांत शेत वाटतात तशी.

आणि असं नाही की आपल्या पोरांना एकत्र काही घडवता येत नाही. हीच मुलं संध्याकाळी पाच वाजता कुठे असतात? तालमीला! पुण्यात पुरुषोत्तम करंडक १९६३ पासून चालू आहे आणि इंजिनीअरिंग कॉलेजांचे संघ त्यात हिरिरीने उतरतात. आमच्याही कॉलेजची एकांकिका असायची, मी बॅकस्टेजला. काय चालायचं तिथे? संहिता अर्धवटच असायची. तिसऱ्या दिवशी शेवट बदलायचा. लाइट्सवाला पोरगा मध्येच म्हणायचा, ही एंट्री डावीकडून घेतली तर? आणि दिग्दर्शक चक्क घेऊन बघायचा. जमली तर ठेवायची, नाही तर सोडून द्यायची, कुणाची इज्जत जात नव्हती. प्रॉम्प्टर आजारी नटाच्या जागी उभा राहायचा. भांडणं तर विचारू नका! पण 'पूर्ण झाल्यावर दाखवतो' असं तालमीत म्हणणाऱ्याला हाकलून दिला असता, कारण दाखवल्याशिवाय तिथे काही पूर्ण होतच नाही. सकाळी तोच लाइट्सवाला लॅबमध्ये शेजारच्याशी एक शब्द बोलायचा नाही.

लॅबची तालीम करता येते का? येते. करून बघितलेलं आहे. 'पेअर प्रोग्रॅमिंग' हा शब्द तुम्ही ऑफिसात ऐकला असेल. एका मशीनवर दोघं, एकाच्या हातात कीबोर्ड, तो ड्रायव्हर. दुसरा नॅव्हिगेटर, म्हणजे टू-व्हीलरवर मागे बसून "अरे लेफ्ट, लेफ्ट!" ओरडणारा. फक्त इथे ठरावीक वेळाने जागा बदलायच्या, हा नियम. आमच्या गरीब लॅबमध्ये आपोआप झालं तेच, जरा शिस्तीत. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना स्टेट विद्यापीठात लॉरी विल्यम्स आणि कॅलिफोर्नियात सांताक्रूझ इथे चार्ली मॅक्डॉवेल, लिंडा वर्नर आणि सहकाऱ्यांनी हे पहिल्या वर्षाच्या मुलांवर नीट तपासून पाहिलं. सांताक्रूझच्या अभ्यासात साधारण साडेपाचशे विद्यार्थी होते. जोडीने शिकलेली मुलं कोर्स मध्येच सोडण्याचं प्रमाण कमी, प्रोग्रॅम चांगले, आत्मविश्वास जास्त. आणि वर्षभराने बघितलं तर कॉम्प्युटरच्याच शाखेत राहिलेल्यांमध्ये जोडीवाल्यांचं प्रमाण बरंच जास्त, मुलांचंही आणि मुलींचंही. 'जोडीत बसला की एक जण फुकटात पास होतो' ही आपली ठरलेली शंका. त्याचंही उत्तर मिळालं. शेवटची परीक्षा एकेकट्याने दिली, तेव्हा जोडीवाले मागे पडले नाहीत.

जोडी लावण्यातही कसब आहे, बरं का. एक अगदी तरबेज आणि दुसरा अगदी कच्चा असेल, तर पहिला कंटाळतो आणि दुसरा मिटतो. साधारण बरोबरीचे असले की गाडी पळते. (आमची जोडी त्या हिशेबाने विजोडच. पण टायपिंग माझं आणि डोकं तिचं, म्हणून बरोबरी झाली असावी!)

पण नुसतं जोडीने बसवून भागत नाही. प्रश्न तोच राहिला, उत्तर एकच राहिलं, तर दोघं मिळून सीनियरची फाइल उतरवतील. जॉर्जिया टेकमध्ये १९९९ पासून प्रत्येक विद्यार्थ्याला कॉम्प्युटरचा एक कोर्स सक्तीचा झाला, आणि साहित्य, आर्किटेक्चर, मॅनेजमेंटची मुलं त्यात धडाधड आपटायला लागली. जवळजवळ निम्मी. तेव्हा मार्क गझडियल या प्राध्यापकांनी २००३ मध्ये वेगळा कोर्स काढला. लूप शिकायचा तोच, पण आकडे मोजायला नाही, तर फोटो आणि आवाज बदलायला. असाइनमेंट काय, तर एकच फोटो वेगवेगळ्या तऱ्हांनी बदलून त्याचं कोलाज करा. आणि ते सगळ्या वर्गाला दिसेल अशा गॅलरीत लावा. आता शंभर मुलांची शंभर कोलाजं! शेजाऱ्याचं बघून उतरवणार काय? उलट त्याचं बघून वाटतं, अरे, आकाश हिरवं केलंय यानं, कसं केलं असेल? मग विचारायला जायचं. पास होणाऱ्यांचं प्रमाण निम्म्यावरून ८५ टक्क्यांच्या घरात गेलं. सगळी करामत प्रश्न बदलण्याची. उत्तरं शंभर असली की बघणं हे शिकणं होतं.

आपल्याकडे काहीच हललेलं नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. पुणे विद्यापीठाच्या २०१९ च्या पॅटर्नमध्ये पहिल्या वर्षालाच 'प्रोजेक्ट बेस्ड लर्निंग' आलं. २०१७ पासून स्मार्ट इंडिया हॅकेथॉन होते, ३६ तास सलग, सहा जणांची टीम, त्यात किमान एक मुलगी हवीच. नियम चांगला आहे. ती एक मुलगी तिथे कोड लिहिते की पीपीटी करते, हे मात्र नियम विचारत नाही. आणि ३६ तासांचा दणका कितीही झिंग आणणारा असला, तरी मंगळवारच्या दुपारच्या प्रॅक्टिकलला काय होतं, यावरच सगळं ठरतं, असं माझं मत.

गेल्या वर्षी एका कॉलेजात प्रोजेक्ट प्रदर्शनाला 'इंडस्ट्री एक्स्पर्ट' म्हणून मला बोलावलं होतं. श्रीफळ, शाल, पनीर-भात. हॉलमध्ये टेबलं मांडलेली. एका टेबलावर बाजारभाव सांगणारं ॲप. शेतकरी, कांदा, टोमॅटो, ग्राफ... असे प्रोजेक्ट मी डझनभर पाहिलेत, त्यामुळे, खोटं कशाला बोलू, माझं अर्धं लक्ष घड्याळाकडे होतं. एक मुलगा घडाघडा बोलत होता. बाजूला एक मुलगी फाइल छातीशी धरून उभी होती.

"तू काय केलंस?"

"मॅम, डॉक्युमेंटेशन आणि पीपीटी."

मला धस्स झालं. काळं रेक्झिन, सोनेरी अक्षरं. मी सहज, काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, "या ॲपमधलं तुला न आवडलेलं काय?"

तिने एकदा त्या मुलाकडे बघितलं आणि म्हणाली, "मॅम, यात टोमॅटोचा भाव क्विंटलमध्ये दिसतो. आमच्याकडे नारायणगावला क्रेटवर भाव निघतो. माझे पप्पा हे ॲप उघडतील आणि बंद करतील."

त्या टेबलाभोवती जे तीन-चार जण होते, ते सगळे गप्प. मुलगा वळला आणि खरोखरच्या आश्चर्याने म्हणाला, "अगं मग सांगितलं का नाहीस?"

"तू पूर्ण झाल्यावर दाखवलंस ना."

एक वर्ष! एक वर्ष ही मुलगी त्या ग्रुपमधली एकमेव अशी होती जिला तो बाजार माहीत होता, आणि ती समासाची मापं ठीक करत बसली होती. मुलगा वाईट नव्हता हो. त्याला बिचाऱ्याला कुणी सांगितलंच नव्हतं की अर्धवट असताना दाखवायचं असतं. मी म्हटलं, चला, आत्ता बदला. ती म्हणाली, मला कोड येत नाही. म्हटलं, तू बस खुर्चीवर, तो मागून सांगेल. त्यांच्या गाइड सरांनी वेळापत्रकाची आठवण करून दिली, मी ती ऐकून न ऐकल्यासारखी केली. पंधरा-वीस मिनिटं लागली. क्विंटलचा क्रेट करायचा म्हणजे भागाकारच, पण दोनदा चुकला. मग ती म्हणाली, क्रेट वीस किलोचा धरू, पण तो बदलता यायला हवा, कांद्याची गोणी असते. मुलाने मान डोलावली आणि म्हणाला, "हे तर मला सुचलंच नव्हतं." पुढच्या टेबलावर जाताना मी मागे बघितलं तर दोघं अजून तिथेच होते, कीबोर्ड तिच्याकडे.

तुमच्यापैकी कितीतरी जणांना आपापल्या कॉलेजातून बोलावणं येतं. 'इंटरव्ह्यू कसा क्रॅक करावा' यावर तासभर बोलून, फोटो काढून आपण परत येतो. पुढच्या वेळी तेवढा एक प्रश्न विचारून बघा. फाइल धरून उभ्या असलेल्याला विचारा, यातलं तुला काय आवडलं नाही? आणि परीक्षक म्हणून गेलात, तर प्रत्येकाला दुसऱ्याने लिहिलेल्या भागात एक छोटा बदल करायला सांगा. 'सर, टीमवर्क'चा सूर लगेच फाटतो. पुढच्या बॅचपर्यंत ही बातमी पोचते आणि कामाची वाटणी करण्याआधी मुलं दोनदा विचार करतात. सरांच्या हातात सिलॅबस नसतो, यादी नसते, साठ-सत्तर जणांचा वर्ग असतो, हे मान्य. पण महिन्यातलं एक प्रॅक्टिकल पार्टिशनं बाजूला करून घ्यायला विद्यापीठाची परवानगी लागत नाही.

आमच्या त्या नव्या मुलाचं काय झालं म्हणता? मी त्याला लेक्चर दिलं नाही. एक दिवस माझाच अर्धवट, फुटलेला कोड घेऊन त्याच्या डेस्कवर गेले, खुर्ची ओढली आणि म्हटलं, मला हे दोन दिवस सुटत नाहीये, जरा बघतोस? आधी त्याला वाटलं परीक्षा आहे. त्याने हात मांडीवर ठेवले, कीबोर्डला शिवेना. दहा मिनिटांनी पुटपुटला, "मॅम, इथे लिस्ट रिकामी आली तर?" मी म्हटलं, माहीत नाही, बघू या. खरंच माहीत नव्हतं.

अल्ट-टॅब अजून पूर्ण सुटलेलं नाही. मॅनेजर दिसला की बोटं जातातच. पण परवा लंचला निघाले होते, डबा हातात, तर मागून हाक आली, "मॅम, एक मिनिट येता का? काहीच झालेलं नाहीये अजून, पण बघा ना." मी डबा त्याच्या डेस्कवर ठेवला. स्क्रीन लाल रेघांनी भरलेली होती. मलाही काही कळेना. पावणेतीनला कॅन्टीन बंद झाली, त्याच्या बॅगेतल्या शेंगदाण्याच्या लाडवावर आम्ही भागवलं, आणि एरर काही सुटली नाही. उद्या सकाळी परत बसायचं ठरलंय, कीबोर्ड आधी त्याच्याकडे.